झडपेवरचा आळ

मोटारीच्या अंगात लहानमोठे असंख्य अवयव असतात. त्यांपैकी काहींच्या वाट्याला मोठा लौकिक आलेला आहे. चाकांचे कौतुक सर्वांनाच असते. इंजिनाचे नाव लहान मुलांच्याही तोंडी असते. दिवे आणि भोंगा यांना तर स्वतःकडे लक्ष वेधून घेण्याची कलाच अवगत असते. परंतु इंजिनाच्या दाराशी द्वारपालासारखी उभी राहून अखंड राबणारी एक चिमुकली झडप बहुतेकांना ठाऊकही नसते. तिला थ्रॉटलची झडप म्हणतात. 'थ्रॉटल' हा इंग्रजी शब्द घशाशी नाते सांगणारा आहे, आणि ते नाव तिला शोभतेही. कारण मोटारीचा सारा श्वास तिच्यातूनच आत जातो.

ही झडप म्हणजे धातूची एक गोल, पातळ चकती. लहान मोटारीत तिचा व्यास चार-पाच सेंटिमीटर असतो. हवा आत नेणाऱ्या नळीत एका बारीक दांडीवर ती बसवलेली असते. दांडी एका बाजूस फिरली, की चकती नळीला आडवी येते व हवेची वाट जवळजवळ बंद होते. दांडी दुसऱ्या बाजूस फिरली, की चकती वाऱ्याच्या दिशेने कड करून उभी राहते व वाट मोकळी होते. फुलपाखराने पंख मिटावे आणि उघडावे तशी ही हालचाल दिसते. म्हणून कारागीर मंडळी तिला 'बटरफ्लाय' असेही म्हणतात.

मोटार हाकणाऱ्याच्या उजव्या पायाखाली जो ॲक्सिलरेटर असतो, तो दाबला की इंजिनात पेट्रोल अधिक जाते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. वस्तुतः पेट्रोलच्या मोटारीत चालकाचा पाय आधी हवेचे दार उघडीत असतो. पेट्रोल हवेच्या मागोमाग, तिच्या हिशेबाने येते. एक किलो पेट्रोल पूर्णपणे जळण्यासाठी पावणेपंधरा किलोच्या आसपास हवा लागते. हेच माप लिटरांत मांडले, तर एक लिटर पेट्रोलमागे सुमारे ९,००० लिटर हवा असा हिशेब निघतो. एका बाटलीतल्या पेट्रोलला पाण्याच्या टँकरभर हवेची सोबत हवी! इतक्या हवेची ये-जा ज्या दारातून होते, त्या दारावरील पहारेकऱ्याला क्षणाचीही डुलकी परवडत नाही, हे कोणाच्याही ध्यानात येईल.

मोटारीचा जन्म होण्यापूर्वीच ही झडप कामाला लागली होती. १७८८ साली जेम्स वॉट याने आपल्या वाफेच्या इंजिनावर दोन फिरत्या गोळ्यांचा एक नियंत्रक बसवला. इंजिन वेगात आले की गोळे बाहेर फेकले जात आणि वाफेच्या वाटेतील झडप आपोआप थोडी मिटे. वेग उतरला की ती पुन्हा उघडे. पुढे वाफेची जागा पेट्रोलने घेतली, आगगाडीच्या शेजारी मोटार धावू लागली. परंतु वाट अडवणारी आणि मोकळी करणारी झडप काही सुटली नाही.

वाई गावात, पसरणीच्या घाटाच्या पायथ्याशी, एका वृद्ध मिस्त्रींची मोटारदुरुस्तीची लहानशी कर्मशाळा होती. मिस्त्रींनी हा धंदा मुंबईत, काळ्यापिवळ्या टॅक्सींच्या अंगाखाली पाठीवर निजून शिकलेला. त्या काळी मुंबईची टॅक्सी म्हणजे बहुधा कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली प्रीमिअर पद्मिनी. तिच्या ॲक्सिलरेटरपासून झडपेपर्यंत एक ओढतार गेलेली असे आणि हवेत पेट्रोल मिसळण्याचे काम कार्ब्युरेटर नावाचे यंत्र करी. तेव्हा झडपेचे दुखणे डोळ्यांनी दिसे, बोटांना लागे व कानांना ऐकू येई. तारेचे चार धागे तुटून आवरणात अडकले, की पाय उचलला तरी झडप मिटत नसे आणि गाडी भलत्याच वेगाने पुढे धावे. झडपेची दांडी झिजली, की तिच्या कडेने चोरटी हवा आत शिरे आणि उभ्या गाडीचे इंजिन धापा टाकू लागे. मिस्त्री त्या दांडीच्या टोकाशी तेलाचा एक थेंब सोडीत; तो आत ओढला गेला आणि इंजिनाचा सूर क्षणभर बदलला, की चोर सापडला! ह्या परीक्षेला कोणतेही यंत्र लागत नसे.

१९८३ साली आलेली मारुती ८०० देखील आरंभी कार्ब्युरेटरवरच चालत असे. पुढे प्रदूषणाचे नियम कडक होत गेले, तसतसा नव्या मोटारींतून कार्ब्युरेटर दिसेनासा झाला. मागोमाग ओढतारही गेली. मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. मिस्त्री त्यापूर्वीच आपल्या गावी परतले होते.

नव्या गाडीत चालकाचा पाय झडपेला स्पर्शच करीत नाही. पाय किती दाबला, हे ॲक्सिलरेटरजवळचे संवेदक गाडीतील संगणकाला कळवतात. संगणक विचार करून झडपेजवळच्या विजेच्या एका छोट्या मोटरला आज्ञा देतो आणि दातेरी चक्रांच्या साहाय्याने ती मोटर झडप फिरवते. झडप खरोखर किती उघडली, हे सांगण्यासाठी तिच्या दांडीशी आणखी दोन संवेदक नेमलेले असतात. एकाच कामावर दोघे कशासाठी, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर असे की, एकाच साक्षीदाराच्या शब्दावर माणसांचे प्राण सोपवणे बरे नव्हे. अनेक गाड्यांत ह्या दोन साक्षीदारांची रीत मोठी मौजेची असते. झडप उघडू लागली, की एकाच्या विजेचा दाब चढत जातो, तर दुसऱ्याचा तेवढाच उतरत जातो. म्हणून दोघांची बेरीज नेहमी ५ व्होल्टच भरते. ती भरली नाही, की संगणकाला संशय येतो. तो झडपेच्या मोटरचा प्रवाह तोडतो, धोक्याचा दिवा लावतो, आणि आतली स्प्रिंग झडपेला किंचित उघड्या अशा एका ठरावीक जागी आणून सोडते. मग चालकाने कितीही पाय दाबला तरी गाडी केवळ रांगते. चालकाला वाटते, गाडीने विश्वासघात केला. खरे पाहता, हवेचे दार सताड उघडे राहून गाडी बेफाम सुटण्यापेक्षा तिने रांगावे, ह्यातच शहाणपण असते.

पाचगणीच्या एका टॅक्सीचालकाच्या गाडीला नेमके हेच रांगण्याचे दुखणे जडले. त्याच्या गाडीला आठवड्यातून दोन दिवस एक ठरलेली फेरी असे. पाचगणीतील एका वृद्ध शिक्षिकेची मूत्रपिंडे निकामी झाली होती. त्यांना डायलिसिससाठी साताऱ्याच्या रुग्णालयात न्यावे लागे. सकाळी घाट उतरताना गाडी कधी कुरकुरली नाही. मात्र संध्याकाळी थकलेल्या बाईंना घेऊन घाट चढू लागले, की एखाद्या वळणावर दिवा लागे आणि गाडी मान टाकी. चावी बंद करून पुन्हा फिरवली, की काही काळ ती शहाण्यासारखी चाले. पुन्हा चार वळणांवर तोच प्रकार. पावसाळ्यातल्या एका संध्याकाळी दाट धुक्यात ती अशीच थबकली. मागून मालमोटारींचे भोंगे वाजत होते, पुढचे काही दिसत नव्हते, आणि बाई मागच्या आसनावर डोळे मिटून पडल्या होत्या. त्यांनी तक्रारीचा शब्द काढला नाही, हेच चालकाच्या मनाला अधिक लागले.

शहरातील एका मोठ्या कर्मशाळेत त्याने गाडी दाखवली होती. तेथील यंत्राने 'पी २१३५' असा कोड दाखवला. झडपेजवळच्या दोन संवेदकांचे एकमत होत नाही, असा त्याचा अर्थ. "थ्रॉटलची संपूर्ण जोडणी बदला," असा सल्ला मिळाला. नव्या जोडणीची किंमत त्याच्या दोन महिन्यांच्या कमाईइतकी होती. त्या कर्मशाळेने जाणूनबुजून फसवले, असे म्हणता येणार नाही. यंत्राने झडपेचे नाव घेतले; त्यांनी झडपेला शिक्षा सांगितली. घाईच्या जगात न्याय बहुधा असाच होतो.

"मिस्त्री, पैसे उसने काढीन, पण बदलून तरी ही धड होईल ना?" चालकाने विचारले.

मिस्त्रींनी उत्तर दिले नाही. त्यांच्या हाताखाली औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून शिकून आलेला एक तरुण होता. संगणकाशी बोलणारे यंत्र तोच हाताळी. त्याने ते गाडीला जोडले, चावी फिरवली, पण इंजिन चालू केले नाही. मग ॲक्सिलरेटर हळूहळू दाबीत तो पडद्यावरील आकडे मोठ्याने वाचू लागला. "एक ०.७, दुसरा ४.३. आता २.१ आणि २.९. आता ३.८ आणि १.२." मिस्त्री पाठमोरे उभे राहून मनाशी बेरीज करीत होते. प्रत्येक वेळी पाच!

"झडप निर्दोष दिसते, मिस्त्री. कोड पुसून टाकू का?"

"अरे, कोड म्हणजे फिर्याद. ती कोणी आणि का दिली, हे कळण्याआधीच फाडून टाकायची? दोघे साक्षीदार इथे खरे बोलताहेत. पण त्यांचा जबाब घेऊन जाणारा जासूदच वाटेत ठेचकाळत असेल, तर?"

मग त्यांनी गाडी सोडून चालकालाच तपासायला घेतले. दिवा लागतो तो चढावरच लागतो का? सपाट रस्त्यावर त्याच वेगात कधी लागला आहे का? त्या क्षणी गिअर कोणता असतो? वळणाच्या आधी, की वळण घेऊन पुढे निघताना? चालक आठवून आठवून उत्तरे देऊ लागला आणि बोलता बोलता त्याचे त्यालाच नवल वाटले. दिवा लागे तो दर वेळी अवघड वळणावर गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकून, जोराने पाय दाबून वर काढतानाच. आजवर हे त्याला कोणी विचारले नव्हते, म्हणून त्यानेही कधी ताडून पाहिले नव्हते. चांगला वैद्य नाडीइतकाच रोग्याच्या बोलण्यावर भरवसा ठेवतो. चांगल्या मिस्त्रीचेही तसेच असते.

आता पसरणीचा घाट काही कर्मशाळेत आणता येत नाही. परंतु चढावर इंजिनाची जी अवस्था होते, ती मात्र आणता येते. इंजिन गाडीच्या सांगाड्यावर रबराच्या बैठकींवर बसवलेले असते. ते जोर करू लागले, की ओझे उचलणाऱ्या हमालाने कंबर वाकवावी तसे एका अंगाला कलते. मिस्त्रींनी चाकांखाली लाकडी पाचरी ठोकल्या, हातब्रेक ओढला, गाडीच्या पुढून आणि मागून सर्वांना दूर केले. मग चालकाने पायाचा ब्रेक घट्ट दाबून इंजिन चालू केले, पहिला गिअर टाकला आणि क्लच अगदी थोडा सोडला. (जाणत्या हाताखेरीज हा प्रयोग कोणी करू नये.) इंजिनाने अंग उचलले, आणि ते थोडेथोडके नव्हे, चांगले चार बोटे उचलले गेले. एका बाजूची रबरी बैठक पार चेपून फाटली होती. इंजिनाबरोबर त्याच्या अंगावरची झडपही वर गेली, आणि झडपेपासून संगणकाकडे जाणारा तारांचा जुडगा ताठ झाला.

"तीनच्या खाली आली बेरीज!" तरुण ओरडला. त्याच क्षणी धोक्याचा दिवा लागला.

सपाट रस्त्यावर न दिसणारा रोग घाटात का दिसतो, ह्या प्रश्नाचे उत्तर त्या ताठ झालेल्या जुडग्यात होते. इंजिन बंद करून तो गार झाल्यावर मिस्त्रींनी त्याच्यावरची काळी पट्टी उकलली. लोखंडी आधाराच्या धारेवर घासून एका बारीक तारेचे आवरण निघाले होते. आतले तांबे पावसाच्या ओलीने हिरवे पडले होते, आणि बहुतेक धागे तुटून दोन-तीनच कसेबसे एकमेकांना धरून होते. गाडी सपाटीवर असेपर्यंत तेवढे धागे निरोप पोहोचवीत. चढावर इंजिन कलले, की त्यांची पकड सुटे. साक्षीदार खरे, जासूद जायबंदी, आणि आळ मात्र झडपेवर!

दुरुस्तीचे काम शोधापेक्षा पुष्कळ सोपे होते. कुजलेला भाग कापून तेवढ्याच जाडीच्या तारेचा तुकडा जोडला. सांध्याला डाख दिला. उष्णतेने आकसणारी नळी त्यावर चढवली. जुडगा धारेपासून दूर घेऊन, हालचालीला पुरेल इतकी ढील ठेवून बांधला. फाटलेली रबरी बैठकही बदलली. ती तशीच ठेवली असती, तर आज जोडलेली तार वर्षा-दोन वर्षांत पुन्हा तुटली असती.

हे सारे झाल्यावर मिस्त्रींनी झडपही उघडून पाहिली. ती अगदीच निर्मळ होती, असे नाही. इंजिनातून परत येणारी तेलकट वाफ आणि धूळ यांचे काळे किटण तिच्या कडेला बसले होते. उभ्या गाडीचे इंजिन मंद चालते, तेव्हा चकतीच्या कडेने केसाएवढ्या फटीतून हवा जाते. त्या फटीत किटण साचले, की इंजिनाचा श्वास कोंडतो. तरुणाने फडके घेऊन चकती बोटाने ढकलताच मिस्त्रींनी त्याचा हात धरला. जुन्या झडपेत हे चालून जाई. नव्या झडपेमागे नाजूक दातेरी चक्रे असतात, आणि जोर केला तर निर्दोष झडप खरोखरच अपराधी होऊन बसते! त्यांनी द्रावणात भिजवलेल्या मऊ फडक्याने कड पुसून घेतली. नळीच्या आतल्या अंगाला खरवडले नाही, कारण तेथे कारखान्यातच एक पातळ लेप दिलेला असतो.

गाडी चालू केली तो काय, इंजिन उभ्या जागी मोठ्याने घुमू लागले! तरुण घाबरला. मिस्त्री हसले. किटणामुळे अरुंद झालेल्या वाटेची संगणकाला इतके दिवस सवय झाली होती. तो झडप थोडी अधिकच उघडी धरीत होता. वाट स्वच्छ झाल्याची वार्ता त्याला अजून मिळायची होती. तरुणाने यंत्रावरून त्याला झडपेची नवी स्थिती शिकवली, आणि मिनिटाला १,४०० फेऱ्यांवर घुमणारे इंजिन हळूहळू ८०० वर येऊन स्थिरावले. माणसांच्या सवयी इतक्या लवकर सुटत नाहीत.

तिसऱ्या प्रहरी तिघेही घाटाकडे निघाले. वाईपासून पाचगणीपर्यंत हा रस्ता बारा-तेरा किलोमीटरांत पाचशे मीटरांहून अधिक चढतो. तरुण पुढे यंत्र मांडीवर घेऊन बसला. मिस्त्री मागे, बाई बसत त्या जागी बसले. खाली धोमच्या जलाशयाचे पाणी उन्हात चमकत होते. पण तरुणाची नजर पडद्यावरून हलत नव्हती. पहिले अवघड वळण आले. चालकाने गिअर बदलला आणि जरा भीतभीतच पाय दाबला.

"पाच," तरुण म्हणाला.

दुसऱ्या वळणावर त्याने धीर धरून पाय पूर्ण दाबला. "पाच." ज्या जागी धुक्यात गाडी अडली होती, तेथे मिस्त्रींनी मुद्दाम थांबायला सांगितले, आणि तेथूनच, ऐन चढावर, पहिल्या गिअरमध्ये पुन्हा निघायला लावले. इंजिन गरजले, गाडी वर निघाली. तरुणाने या वेळी आकडा सांगितलाच नाही. त्याने नुसती मान हलवली.

पाचगणी आल्यावर चालकाने हिशेब विचारला. तार, रबरी बैठक आणि मजुरी मिळून जी रक्कम झाली, ती त्याच्याजवळ होती. तरुणाने खिशातून पावतीपुस्तक काढले. सकाळी गाडी आली तेव्हाच त्याने घाईने वरच्या ओळीत 'थ्रॉटलची जोडणी, नवी' असे लिहून ठेवले होते. ती ओळ त्याने खोडली, खाली दुसऱ्या तीन ओळी लिहिल्या आणि पावती फाडून दिली. दुसऱ्या दिवशी पहाटे सहा वाजता बाईंना साताऱ्याला न्यायचे होते. चालक ती घडी करून खिशात घालीत पेट्रोल भरायला निघून गेला.